छातीच्या मापाचे बूट

चाकणच्या कुंभजाई प्रेसिंग्जमध्ये धनेश बिराजदारच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर लाल स्केचपेनने, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘व्याख्या एकच, जागा एकच.’ येणाऱ्याजाणाऱ्याला हे कुणा महाराजांचं वचन वाटायचं. एका पुरवठादाराने तर हात जोडून विचारलं होतं, की आपले गुरू कोण. धनेशने ‘छे छे’ म्हणून मान हलवली, पण ती अशी हलवली की समोरच्याने काय ते समजून जावं.

कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून द्यायची. माणसं, माल, हजेरी, सगळं एका जुन्या मशीनवर चालायचं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्या मशीनची भाषा आरपीजी. ती येणारी माणसं कंपनीत दोनच, एक धनेश आणि दुसरी तनुजा. तनुजा आकुर्डीची, सव्वीस वर्षांची, कॉलेजात भलतंच काही शिकून आलेली. आरपीजी आपण तिला शिकवली असं धनेश सांगायचा. ती पुस्तकं वाचून शिकली होती, पण तसं बोलून दाखवत नव्हती.

या भाषेत मशीनला नाव-गाव कळत नाही, फक्त जागा कळते. कामगाराची नोंद म्हणजे अक्षरांची एक लांबलचक पट्टी. सुरुवातीची अमुक अक्षरं टोकन नंबर, त्यापुढची नाव, त्यापुढची खातं, मग बुटाचं माप. कुठून कुठपर्यंत काय आहे, हे वर्णन प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे मॉड्यूलला, सांगावं लागतं. पूर्वी ते प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगळं लिहिलेलं असायचं आणि एवढासा बदल आला की धनेश आठवडाभर जेवायला उशिरा जायचा. मग त्याने ते वर्णन एकाच जागी लिहून ठेवलं आणि बाकी मॉड्यूलांना सांगितलं, तिथून उचला. यात शोध कसला म्हणून नव्हता. जगाने हे केव्हाच करून टाकलं होतं, धनेशच्या ध्यानात तेवढं उशिरा आलं. पण उशिरा शहाणा झालेला माणूस जास्त बोलतो. त्याने ट्रेनिंग रूममध्ये यावर भाषण दिलं, समोसे मागवले, आणि एचआरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या समोशांसाठी होत्या, हे त्याला पुढे बऱ्याच दिवसांनी सुचलं.

याच भाषणाच्या जोरावर त्याने कस्तुराला शब्द दिला.

कस्तुरा पॅकिंगमध्ये होती. तळवड्याच्या जुन्या घरातली, धिप्पाड बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. निगडीहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये धनेश पुढच्या सीटवर असायचा आणि ती तळवड्याला चढली की बसचा ड्रायव्हरसुद्धा सावरून बसायचा. तिला प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या यंत्रावर, जायचं होतं. प्रेसशॉपमध्ये आजवर एकही बाई ऑपरेटर झाली नव्हती. तिने परीक्षा दिली, हाताची, नजरेची, सगळी पास झाली, आणि घोडं अडलं ते पावलावर. देहाने एवढी मोठी बाई, पण पाऊल लहान मुलीचं, नंबर छत्तीस. कंपनीतले सेफ्टी बूट परदेशी मापाचे आणि एकोणचाळीसच्या खालचे मागवलेच जात नव्हते. मापाचा बूट नाही तर प्रेसला हात लावायचा नाही, हा नियम. दोन वर्षं ती पॅकिंगमध्ये एकोणचाळीसचे बूट घालून फटकफटक चालत होती, आणि तिच्यामागून परीक्षा दिलेली पोरं प्रेसवर रुळून गेली होती.

“सोपानराव म्हनत्यात, एका बाईसाठी कोन येगळे बूट मागवणार,” एकदा बसमध्ये ती म्हणाली. सोपानराव म्हणजे सेफ्टीचे आणि स्टोअरचे प्रमुख.

“सोपानरावांनी मागवायचा प्रश्नच नाही, कस्तुराताई,” धनेश म्हणाला. “यंदापासून यादी मशीन काढतं. तुमच्या नावापुढे छत्तीस असेल, तर पुरवठादाराकडून छत्तीसच येणार.”

“नक्की?”

“माझा शब्द.”

“दिवाळीनंतर प्रेसची नवी बॅच हाय, साहेब. या बारीला राहिलं तर मंग मी न्हाई परत इचारणार. पॅकिंगमधीच म्हातारी व्हईन.”

तिने हे हसत सांगितलं होतं. धनेशने मात्र घरी जाऊन बायकोला, स्वप्नालीला, सांगितलं की आपण आज एका बाईचं आयुष्य बदललं. “अजून काही केलंय का?” स्वप्नालीने विचारलं. “करतोय,” तो म्हणाला.

त्या वर्षी कंपनीने बुटांबरोबर युनिफॉर्मचे शर्टही द्यायचं ठरवलं. टेलर येऊन सगळ्यांच्या छातीची मापं घेऊन गेला, आणि ती मापं नोंदीत घालायचं काम धनेशकडे आलं. म्हणजे पट्टीत एक नवा रकाना. नवा रकाना नेहमी पट्टीच्या शेवटी जोडावा, म्हणजे आधीच्या कुणाच्या जागा हलत नाहीत. हे धनेशला माहीत होतं, भाषणात त्याने ते सांगितलंही होतं. पण पडद्यावर बघताना त्याला वाटलं, माणूस शर्ट वर घालतो आणि बूट खाली, तर नोंदीतही शर्ट आधी आणि बूट नंतर असावेत. दिसायला छान दिसतं. म्हणून त्याने शर्टाचं माप बुटाच्या मापाच्या आधी घातलं, आणि बुटाचं माप दोन अक्षरं पुढे सरकलं.

तो दिवस खंडेनवमीचा होता. प्रेस बंद, झेंडूच्या माळा, दारात रांगोळ्या. एकेक खातं आपापल्या यंत्रांची पूजा करत होतं, आणि सोपानराव हळदीकुंकवाचं तबक घेऊन फिरत होते. सोपानराव किडकिडीत, पण छाती पुढे काढून चालणारे. तरुणपणी तालमीत आपण कुणाकुणाला आस्मान दाखवलं, ते येता-जाता सांगणारे.

एका जागचं वर्णन बदलून झालं होतं. पण जागा एक असली तरी प्रत्येक मॉड्यूल ते वर्णन तयार होतानाच उचलतं आणि पोटात ठेवतं. मूळ जागी बदल झाला तरी त्याच्या पोटात जुनंच राहतं. त्याला नव्याने तयार करावं लागतं, कंपाइल करावं लागतं, तेव्हा कुठे त्याला बातमी लागते. धनेश आणि तनुजा तेच करत होते, आणि यादी संपत आली होती.

तेवढ्यात सोपानराव आले. त्यांनी मशीनला हार घातला, कीबोर्डवर हळदीकुंकू वाहिलं, त्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि बाहेर नारळ फोडला.

“सर, बुटांची यादी आणि चिठ्ठ्या छापणारं मॉड्यूल राहिलंय,” तनुजा हळूच म्हणाली. “फूल उचलते आणि दोन मिनिटांत करून टाकते.”

“तनुजा!” धनेश असा दचकला, की जणू ती देव्हाऱ्यात चपला घालून शिरली. “पूजा झाली. आज आता मशीनला हात लावायचा नाही.”

“पण सर, तुम्ही एरवी कुठे हे पाळता?”

“आजचा दिवस पाळायचा असतो. दसरा झाला की मी स्वतः करतो.”

खरं सांगायचं तर बाहेर पेढे वाटायला सुरुवात झाली होती, आणि ग्रुप फोटोत मध्ये उभं राहायचं असेल तर निघायला हवं होतं. धनेश फोटोत मध्येच आला. तो फोटो पुढे कितीतरी दिवस त्याच्या मोबाइलवर होता, आणि प्रत्येक वेळी तो बघताना त्याला मागे खिडकीतून मशीनचा हार दिसायचा.

दसऱ्यानंतर तनुजा रजेवर गेली आणि धनेश ते साफ विसरला. नाही म्हणायला त्याने तपासणी केली. स्वतःची नोंद पडद्यावर उघडली : शर्ट चव्वेचाळीस, बूट चाळीस. अगदी बरोबर. कारण पडद्याचं मॉड्यूल नवं होतं. चिठ्ठीचं मॉड्यूल जुनं होतं आणि त्याच्या मते बुटाचं माप अजून जुन्याच जागी होतं. त्या जागी आता छातीचं माप बसलेलं होतं. ते मॉड्यूल फाइल स्वतः उघडणारं असतं, तर रचना बदललेली बघून मशीननेच बोंब ठोकली असती. पण त्याला पट्टी दुसऱ्या मॉड्यूलकडून आयती हातात मिळायची, त्यामुळे त्याने निमूटपणे छातीची मापं बुटांची म्हणून छापली. अडतीस, चाळीस, बेचाळीस. बूटही त्याच आकड्यांत आणि शर्टही त्याच आकड्यांत. यादी धनेशने नजरेखालून घातली, खाली सही ठोकली आणि पुरवठादाराला पाठवली.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बूट आले. कँटीनमध्ये टेबलं मांडली, खोक्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. धनेश मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिला होता, कस्तुराचा चेहरा बघायला.

आधी एक गलेलठ्ठ फोर्कलिफ्टवाला बूट घालून उभा राहिला आणि दोन पावलांत बुटांतून बाहेर आला. मग टूलरूमचा प्रीतम, बांबूसारखा उंच, त्याचा पाय अर्धाच आत गेला. “अरे, हे काय बाहुलीचे बूट?” मग सगळीकडून आरडाओरड सुरू झाली. जाड्या माणसांना होड्या मिळाल्या होत्या आणि बारक्यांना बाळलेणी. कोणी म्हणालं पुरवठादाराने फसवलं, कोणी म्हणालं जुना माल ढकलला. धनेशने आपलं खोकं उघडलं. चव्वेचाळीस. त्याने खाली पोटाकडे बघितलं, मग बुटांकडे बघितलं, आणि त्याला कळलं. कंपनीतला प्रत्येक माणूस छातीच्या मापाचे बूट हातात घेऊन उभा होता.

कस्तुराने खोकं उघडलं तेव्हा ती हसत होती. आतले बूट बेचाळीसचे होते. तिने ते बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले, झाकण लावलं आणि चिठ्ठीवरचं आपलं नाव वाचलं. हसणं तेवढ्यात गेलं होतं. धनेशकडे बघून ती म्हणाली, “एकोणचाळीस परवडलं असतं, साहेब.”

एवढंच. शिवी घातली असती तर धनेशला बरं वाटलं असतं.

“उद्या सकाळी सेफ्टीची तपासणी आहे ना?” त्याने विचारलं.

“व्हय. बॅचची नावं उद्याच जाणार.”

धनेश टेबलावर चढला. एवढ्या लोकांसमोर तो समोशांच्या दिवसानंतर प्रथमच बोलत होता.

“ऐका! पुरवठादाराची चूक नाही. माझी आहे. तुमच्या बुटांवर तुमच्या शर्टाचा नंबर पडलाय. म्हणजे सगळे नंबर कंपनीत आहेत, फक्त चुकीच्या पायांत आहेत. अदलाबदल करा.”

असा हशा उठला की भटारखान्यातली माणसं बाहेर आली. “बिराजदार साहेब, उद्या चड्डी डोक्याच्या मापाची का?” कुणीतरी ओरडलं. पण लोक कामाला लागले. कँटीनमध्ये बैलबाजार भरला. “बेचाळीस कोण देतो?” “माझ्याकडे एक्केचाळीस, चाळीस हवा!” प्रीतमचे बूट एका मुलीला आले, फोर्कलिफ्टवाल्याचे प्रीतमला. धनेशच्या चव्वेचाळीसला कुणी हात लावेना, आणि त्याच्याकडे थांबायला वेळही नव्हता. छत्तीसचा बूट शोधायचा होता. छत्तीसचा बूट कंपनीत असेल, तर तो छत्तीस छातीच्या माणसाकडेच असणार.

धनेश मशीनकडे पळाला. कालच रजेवरून परतलेली तनुजा आधीच तिथे बसली होती. तिने काही न विचारता शोध घेतला : शर्टाचं माप छत्तीस. हिरव्या अक्षरांत एकच नाव आलं.

“अरे देवा,” धनेश म्हणाला.

“सर, ते कबूल नाही करणार,” तनुजा म्हणाली. आणि मग तिच्याने राहवलं नाही. “फूल उचलू दिलं असतंत ना सर.”

“बोल, बोल. आज मला कुणीही बोलावं.”

सोपानराव केबिनमध्ये बसले होते. खोकं कपाटाच्या वर, पाठीमागे सरकवलेलं.

“सोपानराव, तुमच्या खोक्यात छत्तीसचे बूट आहेत का?”

“माझ्या खोक्यात काय हाय ते माझं मी बघीन.”

“कस्तुराताईंना पाहिजेत. उद्या तपासणी तुम्हीच घेणार.”

सोपानराव उठले. छाती पुढे काढली. “तुमी मगाशी कँटीनमधी काय वरडला? बुटावर छातीचा नंबर पडलाय. व्हय ना? मग माझ्या खोक्यात छत्तीस निघालं, म्हंजे समदी कंपनी काय समजंल? तालमीतला गडी मी. छत्तीस?” त्यांचा आवाज बारीक झाला. “टेलरला मापायची अक्कल न्हाई.”

धनेशला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आज सकाळपर्यंत तोही असाच छाती काढून भिंतीवरच्या कागदाखाली बसला होता. तो दारात गेला आणि मोठ्याने, बाहेर उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सोपानराव, माफ करा. तुमचं माप बेचाळीस होतं, माझ्या हातून चुकून छत्तीस टाइप झालं. तुमचं माप घालताना माझं लक्ष नव्हतं.”

आज धनेशच्या नावावर इतकं काही जमा झालं होतं, त्यात न केलेल्या एका चुकीने काय फरक पडणार होता?

“अशी कशी कामं करता तुमी लोक,” सोपानराव मोठ्याने म्हणाले, आणि खोकं काढून त्याच्या हातात दिलं. मग हळूच पुटपुटले, “बाईला म्हनावं, नाडी घट्ट बांध. नवीन बूट घसरतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसशॉपच्या दारात तपासणी झाली. सोपानरावांनी कस्तुराच्या बुटाचं टोक दाबून बघितलं, टाच बघितली, तिला पाच-दहा पावलं चालायला लावलं. फटकफटक आवाज आला नाही. त्यांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. ती पिवळ्या पट्ट्याच्या आत गेली, प्रेसपाशी उभी राहिली, आणि धनेशला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

ही तपासणी बघायला त्याला प्रेसशॉपमध्ये यायचं होतं, आणि सेफ्टी बुटांशिवाय सोपानराव कुणाला आत घेत नव्हते. चाळीसचे सगळे बूट आदल्या दिवशीच्या बाजारात गेले होते. जुने त्याने उत्साहाच्या भरात वॉचमनला देऊन टाकले होते. उरले होते चव्वेचाळीसचे. ते घालून तो दिवसभर कंपनीत हिंडला. फटक, फटक, फटक. मान खाली घालून काम करणारी माणसंही आवाज ऐकून वर बघायची आणि हसायची. जिन्यात दोनदा तो पडता पडता वाचला. दुपारी टाच सोलली. संध्याकाळी भिंतीवरचा कागद काढायला तो उठला, तर तनुजाने त्याखाली आधीच एक ओळ लिहून ठेवली होती : ‘निरोप मात्र घरोघरी.’ त्याने कागद तसाच राहू दिला. मग दोघांनी मिळून अशी सोय केली, की वर्णन बदललं की ते उचलणारं एकूण एक मॉड्यूल आपोआप नव्याने तयार होईल, मग मशीनला हार असो की नसो.

बसमध्ये चढताना तो पायरीला अडखळला. एका दिवसात ही अवस्था होती, आणि कस्तुरा दोन वर्षं अशी चालली होती, तेही खोकी उचलत. तो हिशेब मनात येऊ लागला तेव्हा त्याला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

बस निघाली तशी मागच्या सीटवरून कस्तुरा उठून आली. नवे बूट तिने पायातून काढलेच नव्हते. तिने पिशवीत हात घालून जुन्या लुगड्याच्या दोन घड्या काढल्या, जाड, टाके घालून शिवलेल्या, पावलाचा आकार घेतलेल्या, आणि त्याच्या मांडीवर ठेवल्या.

“घ्या साहेब. मला आता नगंत.”

धनेश खाली वाकला, बूट काढला आणि एक घडी टाचेकडे कोंबू लागला.

“मागं न्हाई,” कस्तुरा म्हणाली. “पुढं, बोटांपाशी घाला. मागं घातलं की टाच सोलती. मला बी पयल्यांदा कुनी सांगितलं न्हवतं.”